शाप दिलात, मग उःशाप कुठंय? गेममधल्या कॅरेक्टरच्या जन्मकथांबद्दल

गेल्या कॅम्पेनच्या, म्हणजे डाइस टाकत बरेच सेशन मिळून खेळायच्या एका लांब गोष्टीच्या, आधी आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने तिच्या नवीन कॅरेक्टरची बॅकस्टोरी पाठवली, टाइप केलेली तीन पानं. वादळाच्या देवाची मुलगी, जन्माच्या रात्री आकाश लाल झालेलं, पुढे गावावर हल्ला, सगळे मारले गेले, ही एकटी वाचली, अंगात वीज, मनात सूड, आणि कुठल्यातरी जुन्या दगडावर हिच्याबद्दलचं भविष्य कोरून ठेवलेलं. डीएम मी, म्हणजे गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे. तिन्ही पानं मी मन लावून वाचली कारण तिने ती मन लावून लिहिली होती, आणि वाचून झाल्यावर मी तिला एकच गोष्ट विचारली, की अगं वीज अंगात आली ते ठीक, पण त्या बदल्यात गेलं काय?

तिला उत्तर देता आलं नाही, आणि यात तिची चूक नव्हती, कारण फँटसी गेममध्ये आपण सगळे ज्या जन्मकथा वाचत आलोय त्यातल्या बहुतेकांकडे या प्रश्नाचं उत्तर नसतंच. मोठमोठ्या कंपन्यांच्या गेममधले हिरो घ्या नाहीतर चार मित्रांनी मिळून खेळायचा डाइसचा गेम घ्या, तेच देवाचं रक्त, तोच जळालेला गाव, तीच भविष्यवाणी. मला यावर जरा सविस्तर बोलायचंय, कारण लोकांना वाटतं हा विषय किरकोळ आहे, लोर, म्हणजे गेमच्या जगामागची कथा, काय कोण वाचतं, सगळे स्किप करतात. मला तो अजिबात किरकोळ वाटत नाही. आज जगभरातली कोट्यवधी पोरं देव, असुर, शाप, अमरत्व हे शब्द आधी गेममध्ये ऐकतात आणि मग बाकी कुठे. त्या पोरांना आपण पुराणकथा म्हणून नक्की काय देतोय हे बघायला नको का?

माझं म्हणणं असं आहे की नवीन पुराणकथा रचणं चांगलंच आहे, भरपूर रचा, बेधडक रचा. पण आपण बहुतेक वेळा पुराणकथा रचतच नाही, आपण चरित्र लिहितो आणि त्याला पुराणाचा रंग देतो. चरित्र सांगतं की या एका माणसाच्या आयुष्यात काय काय घडलं. पुराणकथा सांगते की जग आज असं का आहे, आणि त्या ‘असं’मध्ये हा माणूस कुठे अडकलाय.

राहूचं उदाहरण घ्या. समुद्रमंथनातून अमृत निघालं, मोहिनी देवांना वाटत होती, स्वर्भानू नावाचा असुर वेष बदलून देवांच्या रांगेत जाऊन बसला, सूर्याने आणि चंद्राने त्याला ओळखलं आणि सांगून टाकलं, विष्णूने चक्राने मान उडवली, पण तोपर्यंत अमृताचा घोट गळ्याशी आला होता म्हणून डोकं अमर झालं. तेव्हापासून ते डोकं सूर्य-चंद्राचा पाठलाग करतं, सापडले की गिळतं, आणि खाली पोटच नाही त्यामुळे गिळलेला सूर्य गळ्यातून परत बाहेर येतो. ग्रहण लागतं आणि सुटतं ते असं. आता हे कॅरेक्टर डिझाइन म्हणून बघा. ताकद एकच, ती कुठून आली ते स्पष्ट, दुश्मन कोण आणि का ते स्पष्ट, ताकदीची मर्यादा त्याच जखमेतून आलेली, आणि ही सगळी गोष्ट खरी असल्याचा पुरावा आकाशात सगळ्यांना दिसतो. एकही गोष्ट वायफळ नाही. राहूची आई कोण, हे कितीजणांना पटकन आठवेल? सिंहिका. पण ते न आठवल्याने कथेचं काही बिघडत नाही, कारण कथा त्याच्या खानदानाची नाहीच, कथा त्या एका अर्धवट गिळलेल्या घोटाची आहे.

आपल्या पुराणांमध्ये वर आणि शाप हे प्रकार इतके आहेत की आपण त्यांच्याकडे नीट बघतच नाही, पण गेम बनवणाऱ्याने बघितलं तर त्याच्या लक्षात येईल की हे चक्क नियम आहेत. हिरण्यकशिपूने मागितलेला वर म्हणजे दिवसा मरण नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, जनावराकडून नको. ही अटींची यादी आहे आणि पूर्ण कथा म्हणजे त्या यादीतली फट शोधणं, संध्याकाळची वेळ, उंबरठा, नरसिंह. गेममधला कुठलाही बॉस, म्हणजे हरवायचा मोठा शत्रू, याहून चांगला डिझाइन झालेला मी पाहिलेला नाही. कर्ण घ्या. कवचकुंडलं जन्मतः अंगावर, ती दान दिल्यावर इंद्राकडून शक्ती मिळाली पण एकदाच वापरायची, परशुरामाचा शाप असा की ऐन वेळी विद्या आठवणार नाही, आणि दुसरा शाप रथाचं चाक रुतण्याचा. प्रत्येक ताकदीला किंमत लागलेली, आणि ती किंमत कधी वसूल होणार याची वाट बघत आपण अख्खं युद्ध वाचतो. घटोत्कचावर ती शक्ती वापरावी लागली तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो तो उगाच नाही. भस्मासुराचं तर विचारूच नका, ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म, आणि शेवटी तोच हात स्वतःच्या डोक्यावर.

आणि मग आपल्याकडे एक शब्द आहे, उःशाप. शाप दिला की त्यातून सुटायची वाटही सांगायची. अहल्येला शाप मिळाला पण कोण आल्यावर सुटशील हेही सांगितलं गेलं. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो कारण गेमच्या भाषेत उःशाप म्हणजेच क्वेस्ट, प्लेयरने पार पाडायची मोहीम. शाप सांगतो कॅरेक्टरला काय करता येत नाही, उःशाप सांगतो कुठे जायचं. जन्मकथेत हे दोन असले की प्लेयरला पुढे काय करू असं विचारावं लागत नाही. आणि जन्मकथेत नुसता जळालेला गाव असेल तर पुढे एकच रस्ता उरतो, गाव जाळणाऱ्याला मारणं, आणि ते झालं की कॅरेक्टर रिकामं.

आता कोणी म्हणेल की हे डाइसच्या गेममध्ये ठीक आहे, व्हिडिओ गेममध्ये प्लेयरला बटणं दाबायची असतात, त्याला पुराण ऐकायला वेळ नाही. मी म्हणतो बरोबर, त्याला ऐकवूच नका, त्याला करायला लावा. 2020 मध्ये आलेला ‘हेडीज’ बघा. पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस बापाच्या घरातून पळून जायला बघतोय, वाटेत मेला की रक्ताच्या कुंडातून परत त्याच घरात वर येतो. गेममध्ये मरून परत पहिल्यापासून सुरू करणं हे आपण वर्षानुवर्षं करतोय आणि त्याला काही कारण कधी नव्हतं, ती फक्त गेमची पद्धत होती. इथे मरणं हीच घरवापसी आहे, बाप समोर बसलेला असतो, टोमणा मारतो, आणि तुम्ही परत निघता. त्यात झॅग्रियस हे नाव ग्रीक परंपरेतलंच पण अगदी अंधुक, त्याच्याबद्दल जुने उल्लेख तुटक आहेत आणि आपसात जुळत नाहीत, त्यामुळे बनवणाऱ्यांना रचायला मोकळी जागा मिळाली. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. झ्यूसला नवीन बालपण देत बसण्यापेक्षा परंपरेने जी खोली अर्धी रिकामी सोडलीय तिथे आपलं सामान मांडणं केव्हाही बरं.

2011 च्या ‘डार्क सोल्स’मध्ये तर पुराणकथा जवळजवळ कोणी सांगतच नाही. सुरुवातीला दोन-चार मिनिटांत सांगतात की जग धुक्यात होतं, मग आग पेटली, त्या आगीतून काहीजणांना मोठे आत्मे मिळाले, त्यातला एक ग्विन, त्याने ड्रॅगनशी युद्ध केलं, आणि आता आग विझत चाललीय. बाकी सगळं तलवारींच्या, अंगठ्यांच्या वर्णनात दोन-दोन ओळींत. पण शेवटी तुम्ही ज्याच्यासमोर उभे राहता तो बॉस म्हणजे तोच ग्विन, सुरुवातीच्या कथेतला विजेचा देव, आणि तो आता राखेने माखलेला एक थकलेला म्हातारा आहे, कारण आग विझू नये म्हणून त्याने स्वतःलाच सरपण केलेलं. मागे पियानो वाजतोय, दणदणीत संगीत नाही. आणि त्याला हरवल्यावर तुम्हाला ठरवायचं असतं की त्याच्या जागी तुम्ही जळायचं का आग विझू द्यायची. पहिल्या मिनिटाची कथा शेवटच्या मिनिटाला तुमच्या हातात येते. मी तो शेवट पहिल्यांदा खेळलो तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो.

उलट बाजूला असं होतं की कॅरेक्टर आधी बनतं, त्याचे स्किल ठरतात, रंग ठरतो, कपडे ठरतात आणि मग कोणालातरी सांगतात की याला उद्यापर्यंत एक जन्मकथा लिहून दे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ 2009 मध्ये आला तेव्हा एवढे वेगवेगळे योद्धे एकाच मैदानात का भांडतात याचं उत्तर म्हणून एक संस्था कल्पली होती, जिथे जादूगार या योद्ध्यांना बोलावतात आणि लढवतात. 2014 मध्ये कंपनीनेच ती संस्था मोडीत काढली आणि लोर नव्याने लिहायला घेतला, कारण सगळ्यांच्या कथा त्या एकाच खुंटीला बांधल्यामुळे कोणालाही मोकळं फिरता येत नव्हतं. चूक मान्य करून एवढं मोठं काम परत करायला हिंमत लागते, त्याबद्दल मला आदरच आहे. पण यातून हे दिसतं की जन्मकथा शेवटी चिकटवली तर ती कधीतरी सुटते, मग सगळंच उसवावं लागतं.

आता जरा अवघड मुद्द्याकडे येतो, उसनी नावं. ‘फायनल फँटसी’च्या मालिकेत 1990 पासून शिवा नावाची एक शक्ती येते, ती बाई आहे आणि बर्फ फेकते. बस, एवढंच. आपल्याला माहीत असलेला शिव त्यात कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. बहामूत हे नाव अरबी कथांमधल्या एका प्रचंड माशाचं, त्या माशावर बैल, बैलावर पुढचं सगळं आणि वर पृथ्वी, अशी ती रचना. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या डाइसच्या गेमने ते नाव उचललं आणि माशाचा ड्रॅगन झाला, आणि आज जगातल्या बहुतेक गेमरना बहामूत म्हटलं की ड्रॅगनच आठवतो, मासा कोणालाच नाही. त्याच गेमच्या 1977 च्या राक्षसांच्या पुस्तकात आपला राक्षस आहे, वाघाचं डोकं असलेला. रावण, कुंभकर्ण, घटोत्कच, हिडिंबा, विभीषण एवढी सगळी वेगवेगळ्या स्वभावाची माणसं ज्या शब्दात मावत होती त्या शब्दाचा एक वाघ झाला. 1980 मध्ये तर देवांचं अख्खं पुस्तक काढलं, त्यात आपलेही देव होते, आणि प्रत्येकाला हिट पॉइंट दिलेले, म्हणजे किती मार बसल्यावर हा देव मरेल तो आकडा. मला यात अपमान झाला असं म्हणायचं नाहीये. मला म्हणायचंय की त्यांनी सगळ्यात किमती गोष्ट सोडून दिली. हिरण्यकशिपूला आकडा दिला की नरसिंहाची गरजच संपते, जोरात मारा, मरेल.

यावर मी स्वतःसाठी एक साधी परीक्षा ठेवलीय आणि ती मला खेळण्यांच्या एका प्रकरणातून सुचली. 2001 मध्ये लेगोने बायोनिकल नावाची मालिका काढली, त्यात माओरी भाषेतले बरेच शब्द वापरलेले, गावातल्या साध्या लोकांना तोहुंगा म्हटलेलं. माओरी लोकांमध्ये तोहुंगा म्हणजे जाणकार, विद्या असलेला, मान असलेला माणूस. त्यांनी आक्षेप घेतला, आणि कंपनीने पुढे तो शब्द बदलून मातोरान केला. शब्द बदलला आणि कथेला काहीही झालं नाही. एक ओरखडाही नाही. म्हणजे तो शब्द तिथे कधी लागतच नव्हता, तो नुसता दिसायला ठेवला होता. तर परीक्षा अशी, की तुमच्या कॅरेक्टरचं पौराणिक नाव काढून तिथे कुठलंही बनावट नाव टाका, आणि गोष्ट जशीच्या तशी चालली तर ते नाव परत करून टाका, तुमचा त्याच्यावर हक्क नाही. फायनल फँटसीच्या शिवाला बर्फाची कुठलीही राणी म्हणा, काय फरक पडतो? पण राहूच्या कथेचा सांगाडा घ्या आणि नाव वेगळं ठेवा, एखादी चोर मुलगी, जिने अमरत्वाचा घास चोरला पण गिळून होण्याआधी पकडली गेली, म्हणून तिचा आवाज अमर आहे आणि शरीर मरत राहतं, दर जन्मी नवीन तोंड आणि तोच आवाज. इथे नाव कोणाचंच घेतलेलं नाही आणि तरी कथा परंपरेतली वाटते. नाव नको, कथेचा कायदा घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

याच्या अगदी उलट म्हणणारी मंडळी आहेत, की देवादिकांना हातच लावू नका, त्यांच्या कथा ठरलेल्या आहेत, तुम्ही कोण नवीन रचणारे. त्यांची कळकळ मला समजते पण त्यांचं म्हणणं परंपरेलाच धरून नाही. लक्ष्मणरेषा आपल्या बोलण्यात इतकी मुरलीय आणि ती वाल्मीकी रामायणात नाही, नंतरची आहे. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने महाभारत लिहून घेतलं, ही गोष्ट भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ संहितेत धरलेली नाही, परिशिष्टात गेलीय, म्हणजे तीही कोणीतरी पुढे घातली. गणपतीचा दात कसा तुटला याच्याही वेगवेगळ्या कथा आहेत, परशुरामाचा परशू, महाभारत लिहिताना मोडून घेतलेली लेखणी, चंद्रावर फेकलेला दात. ग्रीकांचंही तेच. अकिलीसची टाच सगळ्यांना माहीत, पण होमरच्या इलियडमध्ये टाचेची ती गोष्ट नाहीच, आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा आज हाती असलेल्या ग्रंथांमध्ये सापडते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे होमरनंतर सुमारे आठशे वर्षांनी. कोणालातरी वाटलं की एवढा मोठा वीर असा मेला कसा, याला काहीतरी कारण हवं, आणि त्याने जन्माकडे जाऊन ते कारण पेरलं. जन्मकथा नेहमी अशाच नंतर, मागे वळून रचल्या गेल्यात. आज कॅरेक्टरचा एक कच्चा दुवा ठरवून त्याची जन्मकथा लिहिणारा पोरगा तेच काम करतोय.

पण, आणि हा पण मी मनापासून म्हणतोय, ज्या देवाला आज कोणीतरी सकाळी उठून हात जोडतं त्या देवाची गोष्ट आणि ज्याची पूजा थांबून दीड हजार वर्षं झाली त्या देवाची गोष्ट, दोन्ही एकाच हाताने उचलता येत नाहीत. 2012 मध्ये ‘स्माइट’ या गेममधल्या कालीच्या रूपावरून हिंदू संघटनांनी जाहीर आक्षेप घेतला होता. त्यावर गेमर लोकांचं नेहमीचं उत्तर येतं की झ्यूसही आहे, थॉरही आहे, त्यांचं कोणी काही म्हणत नाही. म्हणणारं फारसं उरलेलंच नाही, हाच तर फरक आहे. मी बंदीच्या बाजूचा नाही, कुठल्याच. पण विचारायला काय जातं? 2014 मध्ये ‘नेव्हर अलोन’ नावाचा गेम आला, अलास्कातल्या इनुपियाक लोकांच्या एका कथेवर, आणि तो त्यांच्याच कथा सांगणाऱ्यांना बरोबर घेऊन बनवला. मूळ कथेत मुलगा होता, गेममध्ये मुलगी केली, आणि ते ज्या कथाकाराकडून ती कथा आली होती त्याच्या घरच्यांना विचारून केलं. म्हणजे बदल करायला कोणाची ना नव्हती. विचारल्यावर बदल हा परंपरेचा भाग होतो, न विचारता केला की तीच गोष्ट ओरबाडल्यासारखी वाटते. आणि विचारायचं नसेल, वेळ नसेल, ओळख नसेल, तर स्वतःचे देव बनवा ना, त्यासाठीच तर फँटसी आहे.

स्वतःचे देव बनवताना अजून एक चूक होते, सगळं सांगून टाकायची. एकच अधिकृत कथा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तारीखवार. खऱ्या पुराणांत असं कधीच नसतं, एकाच देवाच्या चार कथा चार ठिकाणी आणि चारही खऱ्या. ‘एल्डर स्क्रोल्स’ ही गेमची मालिका बनवणाऱ्यांना हे फार चांगलं कळलंय. त्यांच्या जगात हे जग घडवलं गेलं, यात एका देवाचा हात होता यावर साधारण एकमत आहे, पण एल्फ नावाच्या जमातीचे लोक म्हणतात की त्याने आम्हाला फसवलं, आम्ही अमर होतो आणि त्याने मरणाच्या पिंजऱ्यात आणून टाकलं, आणि माणसं म्हणतात की त्याने आम्हाला जीवन दिलं. एकच घटना, दोन कथा, आणि याच मालिकेतल्या 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये एल्फ एका माणसाला देव मानायला बंदी घालतात त्याची मुळं इथपर्यंत जातात. मालिकेतल्याच 2002 च्या ‘मोरोविंड’मध्ये तर तुम्ही स्वतः एका मेलेल्या वीराचा पुनर्जन्म आहात असं सांगतात, आणि त्या वीराला कोणी मारलं याच्या वेगवेगळ्या हकिकती तुम्हाला वाचायला मिळतात, पण कुठली खरी ते गेम कधीच ठरवून देत नाही. तुम्ही खरंच तो पुनर्जन्म आहात का भविष्यवाणीत बसवलेला एक सोयीचा माणूस, हेही नाही. भविष्यवाणी वापरायची तर अशी वापरा, की तिच्यावर विश्वास ठेवावा का नाही हाच प्रश्न होईल.

आपली म्हण आहे, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. लोक ती गप्प बसवायला वापरतात, पण मला ती लिहिणाऱ्याला दिलेला सल्ला वाटते. मूळ असतंच, पण तिथे पाण्याची एक बारीक धार असते आणि आजूबाजूला नुसतं गवत, नदी तिथे नसते. नदी खाली असते, जिथे लोक तिच्या काठाने राहतात. जन्मकथा लिहिताना जन्माचा क्षण दोन ओळींत उरका आणि त्या जन्मामुळे आज कोणाला काय करावं लागतंय त्यावर वेळ घाला. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो असं आपण लहानपणी ऐकतो, आणि घाबरतो ते त्याच्या जन्माला नाही, तो आज रात्री आपल्या दाराशी येईल याला.

आजकाल तर एआयला सांगितलं की दहा सेकंदांत जन्मकथा मिळते. मी करून बघितलंय. जळालेला गाव, लाल आकाश, प्राचीन भविष्यवाणी, सगळं व्यवस्थित येतं, कारण आपण सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं तेच लिहून ठेवलंय. त्यामुळे आता किंमत काय गेली, अट काय, सुटका कशात, हे विचारणारा माणूस जास्तच लागणार आहे.

परत त्या मैत्रिणीकडे येतो. तिला मी तो प्रश्न विचारल्यावर ती दोन दिवस काही बोलली नाही, मला वाटलं दुखावली. मग तिने नवीन कथा पाठवली, अर्ध पान. एक नदी होती जिला आवाज नव्हता. रात्री नावाडी खडकांपाशी पोचायचे आणि त्यांना कळायचंच नाही, नावा फुटायच्या. एका नावाड्याची बायको पोटुशी होती, नवरा परत आला नाही, तिने नदीकडे त्याला मागितलं, आणि स्वप्नात नदीने बदल्यात आवाज मागितला. बाईने पोटातल्या पोरीचा आवाज देऊन टाकला. नवरा परत आला, नदी खळखळायला लागली, तेव्हापासून तिथे रात्री नाव फुटलेली नाही, आणि पोरगी जन्मली ती मुकी. नदीच्या काठावर कोणीही काहीही बोललं तरी तिला ऐकू येतं, पाण्यापासून लांब गेली की काहीच नाही. नाव सोडायच्या आधी नावाडी तिच्या पाया पडतात, आणि आई तिच्या डोळ्याला डोळा देत नाही. नदी ज्या दिवशी गप्प होईल त्या दिवशी आवाज परत.

लाल आकाश गेलं, देवाचं रक्त गेलं, सूड गेला. आठ सेशन ती टेबलवर कॅरेक्टर म्हणून एक शब्द बोलली नाही, सगळं हाताच्या खुणांनी, आणि हळूहळू बाकीच्यांना त्या खुणा कळायला लागल्या. नवव्या सेशनला मी नदीच्या वरच्या अंगाला बांध घातला, पाणी उतरत गेलं, खडक उघडे पडले, आणि मी सांगितलं की आता नदीचा आवाज येत नाही. ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली की मी आईकडे जाते. आईसमोर उभी राहून ती त्या कॅरेक्टरचं पहिलं वाक्य बोलली, ‘मला विचारायला हवं होतंस.’

त्याच रात्री गोष्टीत पहिली नाव फुटली, जे थोडं पाणी उरलं होतं त्यात. बाकीचे प्लेयर प्लॅन करायला लागले, बांध ठेवून नावाड्यांना दिवे देऊया, घंटा बांधूया, हिचा आवाज राहील असं काहीतरी बघूया. ती ऐकत होती. मग तिने प्रत्येकाला त्याच्या कॅरेक्टरच्या नावाने हाक मारली, एकेकाशी थोडं थोडं बोलली, आणि मला म्हणाली डाइस नको, बांधाचं दार मी उघडते.

पुढच्या सेशनला सगळे वेळेत आले. मी विचारलं, तू काय करतेस? तिने हाताने खूण केली, आणि तिचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.